जीपला दिलेले आवतण

मु. धामणगाव बढे, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा
गणेश चतुर्थी, सन १९४६

राजमान्य राजेश्री उकंडराव यांस,

धामणगावाहून भगवानरावाचा नमस्कार. नमस्कार नुसता हातांचा आहे. वयाने तुम्ही लहान असलात तरी बायकोचा भाऊ म्हणजे मानाचा पाहुणा, तेव्हा मान लववून करायला हवा होता. पण माझी मान पोळ्यापासून उजव्या खांद्यावरून मागे पाहते आहे आणि पुढे यायला तयार नाही. हे पत्र तिरका बसून लिहितो आहे. ओळी चढणीला लागल्या तर समजून घ्यावे.

नागपूरला पाऊसपाणी कसे आहे? तुमचे पोट आता बरे असेल. (नसल्यास रात्रीचे वांगे सोडावे. हे मी तुमच्या लग्नापासून सांगतो आहे.) सौ. गीताबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मोटार कारखान्यातले साहेबलोक जाणार जाणार म्हणतात ते गेले, की अजून चहा पीत बसले आहेत? येथील सर्व मंडळी खुशाल आहेत असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. ‘सर्व’ म्हणजे कोण कोण, ते पुढे क्रमाने येईलच. शेवटचे पान आधी पाहू नये. तुमची ही लहानपणापासूनची खोड आहे असे तुमच्या भगिनींनी सांगितले आहे, आणि यावेळी तसे केलेत तर मला जे सोसावे लागले ते तुम्हाला फुकटात चुकेल. तशी माझी इच्छा नाही.

तर गेल्या साली तुम्ही लिहिलेत की लढाई संपली, सरकार फौजेच्या जीपगाड्या लिलावात काढते आहे, दाजी, एक घेऊन टाका, ती चिखलातून जाते, नदीतून जाते, डोंगर चढते. तुम्ही फौजेतले मोटार हवालदार, तुमच्या शब्दाबाहेर जाण्याची आमची काय टाप! घेतली. आणि तुमचा शब्द खरा ठरला. चिखलातून गेली, नाल्यातून गेली, डोंगरही चढली. फक्त डोंगर चढताना तिचे तोंड कोणीकडे असेल हे लिहायचे तुम्ही विसरलात.

गाडीत दांडे तीन. तुम्हाला ठाऊक आहेत, पण हे पत्र गीताबाईही वाचतील म्हणून फोड करून लिहितो. मोठा दांडा गिअरचा. धाकट्या दोघांपैकी एक ताकद वाढवतो आणि दुसरा पुढच्या चाकांना कामाला लावतो. मागची चाके म्हणजे बारमाही सालदार, पुढची रोजंदारीची. चिखल लागला की त्यांना बोलवायचे, पक्की सडक आली की रजा द्यायची. तुम्ही पत्रातून बजावले होते की पक्क्या सडकेवर पुढची चाके जुंपलेली ठेवू नका, आतल्या आत पीळ पडतो आणि मग तो धाकटा दांडा जागचा हलत नाही. आणि तसे झालेच तर उपाय सोपा: गाडी हातभर मागे घ्यावी, पीळ आपोआप सुटतो. हा तुमचा सोपा उपाय लक्षात ठेवावा. पुढे त्याच्यावरच गाडी अडली आहे.

आता कडूबा. तुम्ही बहिणीला न्यायला मुराळी म्हणून आला होतात तेव्हा तुम्हाला खांद्यावर घेऊन बोराच्या झाडापर्यंत नेणारा तोच. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा सालदार. मला पोहायला त्याने शिकवले, म्हणजे विहिरीत ढकलून दिले आणि मागून स्वतः उडी मारली. जीप दारात आली तेव्हा त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि जिला शेपूट नाही तिचा भरवसा नाही असा निकाल देऊन गोठ्यात निघून गेला. पण आषाढात आमची भरलेली गाडी नाल्यात आखापर्यंत रुतली, बैलांनी गुडघे टेकले, तेव्हा मी जीपला साखळी लावून बैलांसकट ती बाहेर काढली. त्या दिवसापासून त्याने पक्ष बदलला. बैलांबरोबर तिला धुऊ लागला. रात्री तिच्यावर झूल टाकू लागला. (ती झूल माझ्या लग्नातली होती. तुमच्या घरची.) मी हसत होतो. हसू नये, उकंडराव. माणूस एखाद्या गोष्टीला बैल मानू लागला की पुढे काय काय मानेल याचा आधी हिशेब करावा.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आमच्या वाड्यासमोर बैल सजत होते. शिंगांना हिंगूळ लागला होता, बेगड चिकटत होती, कडूबा सरदाराच्या कपाळाला बाशिंग बांधत होता. सरदार म्हणजे आमचा मानाचा बैल, स्वभावाने गरीब. एवढ्यात मागे कोणाला काय उत्साह आला कोण जाणे, डफडे कडाडले. सरदार बुजला, मान झटकली, आणि शिंग कडूबाच्या मांडीत वरपर्यंत गेले. मी ओसरीवरून पाहिले. रक्त आले ते झिरपत नाही आले, उसळत आले. शकूर नालबंद तिथेच होता (आमच्या बैलांना नाल तोच मारतो, त्यामुळे दुखावलेले पाय कसे धरायचे हे त्याच्या हातांना माहीत), त्याने स्वतःचा पटका सोडून मांडीच्या मुळाशी असा आवळला की रक्त थांबले नाही, पण उसळायचे तेवढे थांबले. वैद्यबुवांनी पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले की आतली मोठी शीर आहे, बुलढाण्याच्या डॉक्टराने दिवस बुडायच्या आत टाके घातले तर माणूस तुमचा, नाहीतर नाही. आणि कडूबा जमिनीवर पडल्यापडल्या एकच गोष्ट सांगत होता: “सरदाराले मारू नोका बे कोनी. त्याचा काई दोस नाही. डफडेवाल्याले इचारा, काऊन वाजवलं म्हून.”

बुलढाणा म्हणजे मोताळ्यापर्यंत काळ्या मातीचा चिखल, पुढे सडक, आणि मग राजूरचा घाट. बैलगाडीचा प्रश्न नव्हता. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत; आणि ठेवले असते तरी दिवस बुडायच्या आत बैल पोचले नसते. राहिली जीप. मागे गोधडी टाकली, कडूबाला निजवले, शकूर त्याची मांडी धरून बसला, आणि तुमच्या भगिनींनी दारात उभे राहून देवाचे नाव घेतले. मी क्लच दाबला आणि दांडा पुढे लोटला. दांडा हलला नाही.

पुन्हा लोटला. तो हलला, पण कसा? थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलात बोट फिरवावे तसा. आत काहीतरी घट्ट, मऊ, चिवट. तुमच्या पत्रातले सगळे उपाय मी तोंडपाठ म्हणत होतो: क्लच तळाला टेकला आहे का, टेकला आहे, दांड्याची टोपी ढिली आहे का, नाही, दुसऱ्यात टाकून पहिल्यात आणावे, आणला. शेवटी दोन्ही हातांनी आणि एका शिवीने पहिला गिअर पडला. (शिवी तुम्हाला दिली होती. क्षमा असावी.) निघालो. पुढची चाके जुंपली आणि चिखलात घुसलो.

वाटेत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे इंजिन तापत गेले तसा तो घट्ट दांडा एकाएकी इतका सैल झाला की दुसरा गिअर टाकावा आणि त्याने आपोआप उडी मारून बाहेर यावे. एका हाताने चाक आणि एका हाताने दांडा दाबून धरत मी चाललो. दुसरी गोष्ट म्हणजे वास. आधी मला वाटले मागच्या कोणत्या तरी खेड्यात सणाचा स्वयंपाक चालला आहे. पण खेडे मागे पडले आणि वास बरोबर आला. साजूक तुपाचा, चांगला कढलेला, वर हळदीची फोडणी. मोताळ्याच्या अलीकडे रस्त्यातली माणसे गाडी गेल्यावर थांबून नाक वर करत होती. मी शकूरला विचारले, बे, तू काही खायचे घेतले आहेस का? तो म्हणाला, “कसम से मालक, मी बी मघापासून तेच इचार करून राह्यलो.”

तेव्हा मागून कडूबाचा बारीक आवाज आला. “मालक, रागावू नोका. काल मी तिची खांदशेकणी केली.”

उकंडराव, नागपुरात राहून तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूपहळदीने चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात, आणि त्यांच्या कानात आवतण देतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कडूबाने सगळ्या बैलांना दिले. मग त्याच्या मनात आले की सालभर हिनेही ओझे ओढले, हिचा खांदा कोणता? आणि मी एकदा वंगण पाहण्यासाठी दांड्याची टोपी फिरवून काढली होती ते त्याने पाहिले होते. जिथून मालक हात घालतात तोच खांदा. टोपी काढली, तूप आणि हळद एकजीव करून वाटीभर आत ओतली, आणि भोकाला तोंड लावून आवतण दिले. हे सगळे तो मला अशा सुरात सांगत होता की जणू चुकले ते एवढेच की मला विचारले नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात शकूरने खूण केली. पटका पुन्हा भिजला होता. मी फक्त गाडी दामटली. आणि त्या दामटण्याच्या नादात मोताळ्याला पक्की सडक लागली तरी पुढच्या चाकांना रजा द्यायची विसरलो. राजूर येईपर्यंत चाक वळवताना हात भरून आले, गाडी अडखळू लागली, तेव्हा आठवले. धाकटा दांडा ओढला. निघाला नाही. दोन्ही पाय रोवून ओढला. नाही. समोर राजूरचा घाट, वर ढग टेकलेले, सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हते, म्हणजे किती उरला आहे तेही कळत नव्हते. मग तुमचा सोपा उपाय आठवला. गाडी हातभर मागे घ्यावी.

घेतली. पीळ सुटला. धाकटा दांडा लोण्यातून सुरी यावी तसा निघाला. मी मनात तुम्हाला उलट आशीर्वादच दिला. मग मोठा दांडा मागच्या गिअरमधून काढून पहिल्यात घालू लागलो, तर तो निघेना. मागचा गिअर अडकला तो अडकलाच. आत काहीतरी कडक वस्तू खुटकन वाजायची आणि दांडा जागीच. क्लच पन्नासदा दाबला. शकूरने खाली उतरून गाडी पुढे-मागे हलवली. मी दांड्याला लाथ मारली. जीप सुरू होती, धडधाकट होती, चारही चाकांची होती, आणि जगात फक्त एकाच दिशेला जायला तयार होती, ती म्हणजे धामणगावकडे.

राजूरची माणसे जमली. त्यांच्यातले पुंजाजी म्हणून एक वयस्क शेतकरी पुढे आले, त्यांनी गोधडीतले रक्त पाहिले, आणि काही न विचारता आपल्या माणसाला म्हणाले की घरून बैलांच्या दोन जोड्या आण आणि जू आण. बैल सजलेले होते, वेशीतल्या तोरणाखालून मिरवायला निघायच्या तयारीत होते. कोणीतरी पोळ्याची आठवण करून दिली. पुंजाजी म्हणाले, “पाप लागन तं मले लागन. मानूस मरून राह्यला.” मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. पण कडूबा, ज्याला पाणी प्यायला मान उचलवत नव्हती, तो कोपरावर उठून बसला. पटक्यातून रक्त खाली आले. तो म्हणाला, “मालक, सालभर त्यायनं आपलं वाह्यलं. हा एक दिस त्यायचा. माह्यासाठी त्यायचा दिस मोडाल, तं मी इथंच हा पटका सोडतो.” आणि गाठीला हात घातला. तो सोडणार होता. मी त्याला जन्मापासून ओळखतो, उकंडराव, त्याने नुसते म्हटले नव्हते.

आणि मग माझ्या डोक्यात तो विचार आला जो शहाण्या माणसाच्या डोक्यात येत नाही. गाडी मागे जाते ना? मग घाटाकडे तिची पाठ करा. पुंजाजींच्या माणसांनी जीपचा पुढचा भाग उचलून उचलून सडकेवरच फिरवला, तोंड मोताळ्याकडे झाले, शेपूट (जे नाही ते) बुलढाण्याकडे. पुंजाजींचे दोन गडी मोठे धोंडे घेऊन बरोबर निघाले, थांबावे लागले तर चाकाखाली लावायला. मी मान उजव्या खांद्यावरून मागे वळवली, आणि राजूरचा घाट उलटा चढायला लागलो.

सुरुवातीलाच मरणार होतो. शकूर मागे तोंड करून बसला होता आणि मला वाट सांगत होता, डावीकडे, उजवीकडे. मागे चालताना चाक इकडे फिरवावे तर गाडी तिकडे जाते असे डोके म्हणत होते, हात वेगळेच म्हणत होते, आणि शकूरची डावी बाजू कोणती हे आता त्यालाही ठाऊक नव्हते. पहिल्याच वळणावर तो “डाव्या अंगाले, डाव्या अंगाले” म्हणत असताना मागचे चाक दरीच्या काठावरची माती खाली सारू लागले. दगड खाली जाताना मी ऐकले, तळाला पडल्याचे ऐकू आले नाही. तिथे आम्ही थांबलो, धोंडे लागले, आणि शकूर म्हणाला, “मालक, आता डावं-उजवं सोडा. मी दोनच शब्द सांगतो. डोंगर, नाहीतं दरी.” त्यानंतर संपूर्ण घाटभर तो “डोंगर! डोंगर! जरा दरी! बस! डोंगर!” असे ओरडत राहिला आणि मी ऐकत राहिलो. माझ्या आयुष्यात मी कोणाचे इतके ऐकलेले नाही. तुमच्या भगिनींनी ही गोष्ट खास लिहायला सांगितली आहे.

घाटाच्या मध्यावर वरून मलकापूरची प्रवासी लॉरी आली. तिच्या ड्रायव्हरने वळणावरून पाहिले ते असे: एक जीप, तोंड खाली, पण येते आहे वर. त्याने करकचून ब्रेक लावला. उतारू भराभर खाली उतरले. एका बाईने हात जोडले. एका माणसाने मला ओरडून विचारले की गाडी उलटी पाठवण्याचा सरकारचा नवा कायदा झाला का. उत्तर द्यायला मला मान फिरवावी लागली असती. लॉरी डोंगराला घासून उभी राहिली आणि आम्हाला दरीच्या बाजूने जावे लागले. शकूर तिथे ओरडला नाही. हळू, अगदी मुलाला झोपवतात तशा आवाजात म्हणाला, “डोंगर… डोंगर… डोंगर…” आणि आम्ही लॉरीच्या रंगावर नखाची रेघ उठावी इतक्या अंतराने वर सरकलो.

त्यानंतर माझ्या लक्षात आले की कडूबा बोलत नाही. आतापर्यंत तो सारखा बडबडत होता, सरदाराला पाणी दाखवा, बेगड नीट लावा, तोरणात आपली जोडी मागे राहू देऊ नका. आता गप्प. मी त्याला हाक मारली. मग शिव्या घातल्या. आळशी म्हटले, चोर म्हटले, तूप माझ्या बापाचे होते का म्हटले, विहिरीत ढकलल्याचा सूड घेईन म्हटले. तोंडात येईल ते बोलत राहिलो, कारण थांबलो तर ती शांतता ऐकावी लागली असती. मला रडू येत होते. लिहायला हरकत नाही, नाहीतरी शकूर गावभर सांगतोच आहे. आणि मान मागे वळवलेली असल्याने ते लपवायची सोय नव्हती. माझे तोंड बरोबर कडूबाच्या तोंडासमोर होते. त्याने डोळे उघडले आणि तो म्हणाला, “मालक, माह्याकडं काय पाहून राह्यले? रस्ता पाहा ना.”

बुलढाण्यात शिरलो तेव्हा दुकानांतून कंदील लागत होते. सबंध बाजारातून आम्ही पाठीने गेलो. एका हलवायाने तुपाच्या वासाने मान वर केली आणि तो आमच्या मागे, म्हणजे आमच्या पुढे, बरेच अंतर धावला. दवाखान्याच्या पायरीला मागचा भाग टेकला, आणि उलटे आल्याचा एवढा फायदा झाला की कडूबाला सरळ खाटेवरच उतरवता आले. डॉक्टर आत घेऊन गेले. दार लागले.

बाहेर बसवेना. तेव्हा माणसाने हाताला काम द्यावे म्हणून मी गिअरच्या दांड्याची टोपी फिरवून काढली आणि आत हात घातला. तूप, हळद, आणि त्यात काहीतरी गाळासारखे. शकूरने वास घेतला, बोटाला लावून चाखले (मी नको म्हटले होते), आणि हळूच म्हणाला, पुरण. पुरणपोळी होती, उकंडराव. जवळजवळ सगळी पचलेली. आणि तिच्याखाली, दातेरी चाकाच्या वाटेत, अडकून बसलेली एक अख्खी सुपारी. पोळी गाडीला पचली होती; सुपारी पचली नव्हती. मी ती समोरच्या हॉटेलातून आणलेल्या पोह्याच्या चमच्याने उकरून काढली आणि दांडा लोटला. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर शहाण्यासारखे पडले. मी पायरीवर बसलो, हातात सुपारी, आणि आतून डॉक्टर येईपर्यंत ती मुठीत आवळून धरली. ते आले, हात पुसले, म्हणाले की शीर बांधली आहे, रक्त फार गेले आहे, पण माणूस चिवट आहे, राहील. मी त्यांना सुपारी देऊ केली. त्यांनी घेतली नाही.

कडूबाला मी तेथेच खडसावून विचारले. त्याने सरदाराची शपथ घेऊन सांगितले की तूपहळद त्याची, आवतण त्याचे. पोळी-सुपारीचे त्याला काही ठाऊक नाही. तो शपथ घेतो म्हणजे खरे. तेव्हा हे कोणाचे काम हा प्रश्न राहतोच.

ते काही असो. हे पत्र लिहिण्याचे कारण असे की ही गाडी आम्हाला नको. जिचे तीन दांडे तीन दिशांना आणि जिचा मालक चौथ्या, ती वस्तू शेतकऱ्याच्या दारात शोभत नाही. तुम्ही गळ्यात घातली, तुम्हीच येऊन घेऊन जावी. ह्याच महिन्यात यावे. माझा निश्चय पक्का आहे. गीताबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर येईपर्यंत मान आहे तशीच राहील असे दिसते.

आपला,
भगवानराव

ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी तुमच्या भगिनी शालूबाई यांनी वाचले. वाचताना त्या एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, हो, पोळी मीच दिली. त्यांचे म्हणणे असे: कडूबाने रीतसर आवतण दिल्याचे त्यांच्या कानावर आले. आवतण दिलेल्याला उपाशी ठेवायचे कसे? बैल तोरण झाल्यावर जेवतात. जीप तोरणाला जाणार नव्हती, म्हणून तिचे ताट दुपारीच झाले. आणि जेवण झाल्यावर पाहुण्याला विडा द्यायचा नाही तर काय? पान त्यांनी बारीक कुसकरून टाकले. सुपारी फोडायला अडकित्ता सापडेना, तेव्हा अख्खी टाकली. “दात तं होते नं तिले आतमंदी,” असे त्या मलाच विचारतात. ज्या घरचे संस्कार असे, त्या घरच्या माणसाने मला गिअर अडकल्यावर काय करावे ते शिकवले. तेव्हा वर तुम्हाला दिलेली शिवी मी परत घेत नाही, फक्त ती आता दोघांत वाटून घ्यावी.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचे राहून गेले, त्याला दहा दिवस झाले. गाडी न्यायला येऊ नये. आले तर चांगले, पण न्यायला म्हणून नव्हे. कडूबा परवा घरी आला. जीपमध्येच आणला, तोंड पुढे करून. डॉक्टर म्हणाले की जीव वाचला पण ह्या पायाने आता नांगरामागे चालणे नाही. हे त्याने ऐकल्यापासून तो गोठ्यात सरदाराजवळ बसून असतो. मी म्हटले, तू नुसता बस, भाकरी तुझीच आहे. तर ताट तसेच परत येते. काम न करता खाणे त्याला जमत नाही, आणि मला तो न जेवता बसलेला पाहवत नाही. ह्यापायी मी गेले दोन दिवस झोपलो नाही, हे खरे कारण, मान वगैरे सगळे मागाहून. म्हणून विनंती अशी की तुम्ही दिवाळीला आठ-पंधरा दिवसांची रजा काढून यावे आणि कडूबाला ही गाडी हाकायला शिकवावी. क्लच डाव्या पायाचा, आणि डावा पाय त्याचा शाबूत आहे. उजवा नुसता दाबून ठेवायला पुरतो. मी शिकवले असते, पण मला मागचा गिअर सोडून बाकी कशाचाही आता आत्मविश्वास राहिला नाही. नाही म्हणू नका. हात जोडतो.

ता. क. तिसरा. कडूबाला विचारले. तो दोन भाकरी जेवला. शिकायला तयार आहे, एका अटीवर: पोळ्याच्या दिवशी जीप जुंपायची नाही. सालभर ओढते, तो एक दिवस तिचा. मी म्हटले, अरे शहाण्या, त्या दिवशी ती जुंपली नसती तर तू आज असतास का? तो म्हणाला, “म्हनून तं.” ह्यावर वाद चालत नाही, तुम्ही प्रयत्न करून पाहा. तेव्हा पुढच्या पोळ्याला आमच्या दारात बैल मोकळे, जीप मोकळी, आणि कोणाला काही झाले तर ओढणारे असे एकच कोणीतरी उरते जे सालभर नागपुरात बसून नुसते सल्ले देते. त्या दिवशी आपण आपल्या कारखान्यातली मोटार घेऊन येथे हजर असावे. येताना सुपारी फोडलेली आणावी.

आज आवतण घ्या, पोळ्याला जेवायला या.